विश्लेषण : जुनी सीएनसी यंत्रे, नवे संगणक आणि मधला कन्व्हर्टर… भोसरी-चाकणच्या कारखान्यांत नेमके अडते कुठे?

विंडोज १० या संगणक प्रणालीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरच्या संगणकापुरता हा विषय ‘नवा लॅपटॉप घ्यावा का’ इथे संपतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील लहान कारखान्यांत मात्र तो तिथून सुरू होतो. कारण तिथला जुना संगणक अनेकदा वीस-पंचवीस वर्षांच्या सीएनसी यंत्राशी एका केबलने जोडलेला असतो. संगणक बदलला की ती केबल लावायला जागाच उरत नाही. मग काही शे रुपयांचा ‘यूएसबी टू सीरियल’ कन्व्हर्टर मध्ये येतो आणि लाखो रुपयांच्या यंत्राचे काम त्याच्या भरवशावर चालू लागते. हा कन्व्हर्टर काय करतो, लिनक्ससारख्या युनिक्स घराण्यातील प्रणालींवर तो का टिकतो आणि कुठे दगा देतो, याचा आढावा.

हा प्रश्न याच पट्ट्यात का जाणवतो?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढच्या दशकांत टेल्को, बजाज यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. २००० नंतर चाकणमध्ये फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज-बेंझ अशा कंपन्यांचे प्रकल्प आले आणि हे जाळे उत्तरेकडे पसरले. वाहन कंपनी, तिला थेट माल देणारा पुरवठादार, त्याला माल देणारा दुसरा आणि त्या दुसऱ्यासाठी जॉबवर्क करणारा भोसरीतला दोन-चार यंत्रांचा शेड, अशी ही साखळी आहे.

साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेली यंत्रे बऱ्याचदा सेकंडहँड असतात. मोठ्या कारखान्याने काढून टाकलेला सीएनसी लेथ किंवा व्हीएमसी लहान उद्योजक विकत घेतो, त्याचे बेड आणि स्पिंडल ठाकठीक करून घेतो आणि पुढची दहा-पंधरा वर्षे त्यावर कर्जाचे हप्ते फेडतो. अशा यंत्राचे लोखंड लवकर म्हातारे होत नाही. आधी म्हातारी होते ती त्याची बाहेरच्या जगाशी बोलण्याची पद्धत.

यंत्राला सीरियल पोर्ट लागतोच का?

सीएनसी यंत्राचा कंट्रोलर, मग तो फॅनुकचा असो वा सीमेन्सचा, एका छोट्या संगणकासारखा असतो. जॉबचा प्रोग्राम त्याच्या स्मृतीत चढवावा लागतो. नव्या कंट्रोलरवर त्यासाठी मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कची सोय असते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या बहुतेक कंट्रोलरवर मात्र एकच दार असते, ते म्हणजे आरएस-२३२ पद्धतीचा २५ पिनांचा पोर्ट.

आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये आले आणि त्याची ‘सी’ ही गाजलेली आवृत्ती १९६९ ची. यात अक्षरे एकामागून एक, एकाच तारेवरून जातात. वेग आजच्या हिशेबाने हास्यास्पद आहे. सेकंदाला ९६०० बिट आणि एका अक्षराला ११ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे ८७० अक्षरे होतात. एक लाख अक्षरांचा प्रोग्राम चढायला जवळपास दोन मिनिटे लागतात. साध्या टर्निंगच्या जॉबला हे पुरेसे असते. डाय आणि मोल्ड बनवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे प्रोग्राम कंट्रोलरच्या स्मृतीत मावतच नाहीत. त्यामुळे संगणक एका बाजूने ओळी पुरवत राहतो आणि यंत्र दुसऱ्या बाजूने कापत राहते. याला कारखान्यात ‘डीएनसी’ म्हणतात. इथे दुवा मध्येच तुटला, तर कटर धातूत असतानाच यंत्र थांबते.

कन्व्हर्टर नेमके काय करतो?

नव्या लॅपटॉपवर सीरियल पोर्ट नसतो, यूएसबी असते. कन्व्हर्टरच्या आत मुख्यतः दोन कामे होतात. एक चिप यूएसबीच्या गठ्ठ्यांमधून आलेली अक्षरे सुटी करून ओळीने बाहेर पाठवते. दुसरा भाग विजेची पातळी बदलतो. आरएस-२३२ मध्ये एक आणि शून्य यांच्यासाठी उणे आणि अधिक असे दोन्ही व्होल्टेज वापरतात, साधारण ३ ते १५ व्होल्टच्या पट्ट्यात.

पहिली महागडी चूक इथेच होते. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारी, विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठीची छोटी पट्टी हीसुद्धा ‘यूएसबी टू सीरियल’ या नावानेच विकली जाते. पण ती ३.३ किंवा ५ व्होल्टची असते आणि पातळी बदलणारा भाग तिच्यात नसतो. ती थेट यंत्राला जोडली, तर संवाद होत नाहीच, पट्टी जळू शकते. यंत्रासाठी नऊ पिनांचा पुरुष कनेक्टर असलेला, आरएस-२३२ असे स्पष्ट लिहिलेला कन्व्हर्टरच लागतो. ऊर्जा मीटर, तापमान नियंत्रक यांच्यासाठी लागणारा आरएस-४८५ चा कन्व्हर्टर हा आणखी वेगळा प्रकार.

चिपवरून झालेला वाद काय होता?

या कन्व्हर्टरमध्ये प्रामुख्याने चार घराण्यांच्या चिप असतात. स्कॉटलंडची एफटीडीआय, तैवानची प्रोलिफिक, अमेरिकेची सिलिकॉन लॅब्स आणि चीनची डब्ल्यूसीएच, जिची ‘सीएच३४०’ ही चिप स्वस्त कन्व्हर्टरमध्ये सर्रास दिसते. पहिल्या दोघांच्या नकला बाजारात इतक्या झाल्या, की कंपन्यांनी ड्रायव्हरमधूनच त्यांच्याशी लढाई सुरू केली.

ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयचा नवा विंडोज ड्रायव्हर अपडेटमधून लोकांच्या संगणकांवर पोहोचला. तो नकली चिप ओळखून तिचा ओळखक्रमांक शून्य करून टाकत होता. परिणामी कन्व्हर्टर कोणत्याच संगणकाला ओळखू येईना. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६ मधला पवित्रा वेगळा होता. नव्या ड्रायव्हरने नकली चिपला निकामी केले नाही, पण खऱ्या माहितीच्या जागी ‘अस्सल नसलेले उपकरण सापडले’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य घुसवले. घरच्या प्रयोगात हा विनोद ठरेल. सीएनसी यंत्राला जाणाऱ्या तारेवर असे वाक्य घुसणे हा विनोद नव्हे.

प्रोलिफिकने वेगळा मार्ग घेतला. जुन्या ‘पीएल२३०३’ मालिकेतील काही चिपचा आधार तिने नव्या विंडोजच्या ड्रायव्हरमधून काढला. विंडोज ११ वर असा कन्व्हर्टर लावला, की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा, अशी सूचना दिसते. काल चालणारा अस्सल कन्व्हर्टरही त्यामुळे नव्या लॅपटॉपवर निरुपयोगी ठरतो. दोन्ही प्रकरणांत आपल्या बौद्धिक संपदेचे रक्षण करण्याचा कंपनीचा हक्क मान्य केला, तरी किंमत मोजली ती चिप अस्सल की नकली हे ओळखण्याचे कोणतेही साधन हाती नसलेल्या शेवटच्या ग्राहकाने.

लिनक्सवर वेगळे काय घडते?

युनिक्सचे आणि सीरियल तारेचे नाते जुने आहे. ही प्रणाली घडली तेव्हा माणूस संगणकाशी टेलिटाइप यंत्रावरून बोलत असे आणि ते यंत्र सीरियल तारेनेच जोडलेले असे. आजही लिनक्समध्ये या पोर्टना ‘टीटीवाय’ म्हणतात, ते त्या टेलिटाइपचेच उरलेले नाव. पोर्ट ही या प्रणालीच्या दृष्टीने एक फाइल असते. तिच्यात लिहिले की अक्षर तारेवर जाते, तिच्यातून वाचले की तारेवरचे अक्षर मिळते.

वर उल्लेखलेल्या चारही घराण्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. सीडी शोधणे नाही, संकेतस्थळावरून काही उतरवणे नाही. कन्व्हर्टर लावला की काही क्षणांत ‘टीटीवाययूएसबी०’ नावाची फाइल तयार होते. हे ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या हातात नसल्याने जुनी चिप मुद्दाम बाहेर काढली जात नाही. २०१४ च्या प्रकरणानंतर तर लिनक्सच्या विकासकांनी ओळखक्रमांक शून्य झालेल्या चिपचीही नोंद ड्रायव्हरमध्ये करून घेतली आणि विंडोजवर मेलेले कन्व्हर्टर लिनक्सवर चालत राहिले. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नसला, तरी लिनक्सवर तो हे काम आरामात करतो. लहान कारखान्यासाठी या गोष्टीला रोकड मोल आहे.

मग अडते कुठे?

पहिला अडथळा परवानगीचा. पोर्टची फाइल तयार होते, पण उघडताना ‘परवानगी नाकारली’ असे उत्तर येते. डेबियन, उबंटू यांसारख्या वितरणांत ही फाइल ‘डायलआउट’ नावाच्या गटाच्या मालकीची असते. मोडेमने फोन लावण्याच्या काळातले हे नाव आहे. वापरकर्त्याला त्या गटात घालून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. अनेक जण हे न करता सगळे काम सर्वाधिकारी खात्यावरून करतात. पोर्ट उघडतो खरा, पण शॉप फ्लोअरवरच्या संगणकाला कुलूपच उरत नाही.

दुसरा अडथळा मजेशीर आहे. उबंटूची एप्रिल २०२२ मधली आवृत्ती आली, तेव्हा अनेकांचे ‘सीएच३४०’ कन्व्हर्टर लावल्याबरोबर दिसत आणि लगेच गायब होत. कारण निघाले अंधांसाठीच्या ब्रेल पट्टीचे सॉफ्टवेअर. काही ब्रेल पट्ट्यांमध्ये हीच चिप असते आणि ओळखक्रमांकही तोच. त्यामुळे ते सॉफ्टवेअर कन्व्हर्टरला ब्रेल पट्टी समजून ताब्यात घेत होते. त्या संगणकावर कुणी ब्रेल पट्टी वापरत नसेल, तर ते सॉफ्टवेअर काढले की प्रश्न मिटतो. तसाच एक प्रकार मोडेम सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा. त्याच्या जुन्या आवृत्त्या नवा पोर्ट दिसला की हा मोडेम तर नाही ना, हे तपासायला स्वतःहून त्यावर अक्षरे पाठवत. यंत्राला जोडलेल्या संगणकावर हा प्रोग्राम बंद ठेवणेच बरे.

तिसरा अडथळा तारेचा. संगणकाकडच्या नऊ पिना आणि यंत्राकडच्या पंचवीस पिना यांची क्रमवारी वेगळी आहे. नऊ पिनांच्या बाजूला दोन नंबरवर अक्षरे येतात, पंचवीसच्या बाजूला दोन नंबरवरून ती जातात. त्यामुळे दोनला दोन, तीनला तीन आणि पाचला सात जोडले, की तारा आपोआप उलटसुलट होतात. याशिवाय अनेक कंट्रोलरना समोरचे उपकरण तयार आहे असा इशारा हवा असतो. तो देण्यासाठी यंत्राच्या बाजूला चार-पाच आणि सहा-आठ-वीस या पिना आपापसांत जोडतात. हा इशारा नसेल, तर फॅनुकवर ०८६ क्रमांकाचा अलार्म येतो. वेग, पॅरिटी यांचे आकडे दोन्हीकडे सारखे नसतील, तर ०८५ येतो. अलार्मचा क्रमांक पाहिला, तर अर्धे निदान तिथेच होते.

‘०८७’ अलार्म आणि १६ मिलिसेकंदांचे गणित

सर्वांत छळणारा अलार्म ०८७ हा आहे, म्हणजे साठा भरून वाहणे. यंत्राला श्वास घ्यायला वेळ हवा असतो, तेव्हा ते ‘थांब’ असे एक अक्षर पाठवते आणि तयार झाल्यावर ‘चालू दे’ असे दुसरे. ‘थांब’ म्हटल्यावरही आणखी दहा अक्षरांपर्यंत फॅनुक सहन करतो. त्यापुढे अक्षरे येतच राहिली, की अलार्म.

जुन्या संगणकात पोर्ट मदरबोर्डवरच असल्याने ‘थांब’ लगेच पोहोचत असे. यूएसबीत अक्षरे गठ्ठ्याने जातात. एफटीडीआयच्या चिपमध्ये आलेली थोडीशी अक्षरे १६ मिलिसेकंदांपर्यंत रोखून धरायचे मूळ सेटिंग असते. ९६०० च्या वेगाने १६ मिलिसेकंदांत सुमारे १४ अक्षरे बाहेर पडतात. म्हणजे ‘थांब’ हा निरोप संगणकापर्यंत जाईपर्यंतच दहाची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. शिवाय चिपच्या पोटात आधीच भरलेली शंभर-दोनशे अक्षरे असतात, ती वेगळीच.

यावर उपाय म्हणजे ‘थांब’ हे अक्षर चिपनेच ओळखून जागच्या जागी थांबणे. काही चिपमध्ये ही सोय असते आणि सेटिंग चालू असेल, तर लिनक्समधला एफटीडीआयचा ड्रायव्हर ती वापरतो. स्वस्त चिपमध्ये हे काम संगणकावर सोडलेले असते. ‘तोच प्रोग्राम, तीच केबल, पण नव्या लॅपटॉपवरून अलार्म येतो’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते. वेग कमी केल्याने कधी कधी भागते, नेहमी नाही. प्रोग्राम स्मृतीत चढवण्यापुरता स्वस्त कन्व्हर्टर चालून जाईल, डीएनसीवर तासन्‌तास कटिंग करायचे असेल, तर तिथे काटकसर नको.

सर्वांत मोठा धोका कोणता?

संवाद न होणे हा त्रास आहे. चुकीच्या यंत्राशी संवाद होणे हा धोका आहे. एका लॅपटॉपला दोन कन्व्हर्टर आणि दोन यंत्रे जोडली असतील, तर लिनक्स त्यांना शून्य आणि एक असे क्रमांक देतो, पण ते लावण्याच्या क्रमाने. वीज गेली, संगणक पुन्हा चालू झाला, कुणी केबल काढून पुन्हा लावली, की क्रमांकांची अदलाबदल होऊ शकते. मग एका लेथसाठीचा प्रोग्राम दुसऱ्याच्या स्मृतीत जातो. दोन्ही यंत्रांवर प्रोग्रामचा क्रमांक सारखा असेल आणि ऑपरेटरने ड्राय रन न करता सायकल स्टार्ट दाबले, तर टूल चकवर आदळायला एक क्षण पुरतो.

लिनक्समध्ये यावर तयार सोय आहे. प्रत्येक कन्व्हर्टरच्या ओळखीवरून ठरणारे कायमचे नाव वेगळ्या फोल्डरमध्ये आपोआप तयार होते. अस्सल एफटीडीआय चिपना स्वतंत्र अनुक्रमांक असल्याने दोन कन्व्हर्टर वेगळे ओळखता येतात. ‘सीएच३४०’ मध्ये सहसा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे दोन सारखे कन्व्हर्टर त्या नावाने वेगळे करता येत नाहीत. तिथे यूएसबीच्या कोणत्या भोकात काय लावले आहे, यावरून ठरणारे नाव वापरावे आणि ते भोक रंगाने खुणावून ठेवावे. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत यंत्राचे नाव लिहिणे हा जुन्या सेटरांचा रिवाजही इथे कामी येतो.

विजेचाही धोका आहे. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवर, यंत्र दुसऱ्या फेजवर आणि अर्थिंग यथातथा, अशी स्थिती असेल तर सीरियल केबलची ग्राउंडची तार त्या दोघांमधल्या फरकाची वाट बनते. यंत्राचा पोर्ट किंवा लॅपटॉप, दोहोंपैकी काहीही जाऊ शकते. आतून विलग केलेला, म्हणजे आयसोलेटेड कन्व्हर्टर महाग असतो, पण कंट्रोलरच्या कार्डाच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्तच. केबल लावताना-काढताना यंत्र बंद ठेवण्याची शिस्त तर फुकट आहे.

बॅटरीचा आणि कन्व्हर्टरचा काय संबंध?

जुन्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रामच नव्हे, तर यंत्राचे पॅरामीटरही बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत असतात. काही मॉडेलमध्ये लिथियमची बॅटरी असते, काहींत टॉर्चमध्ये घालतात तसे मोठे सेल. बॅटरी उतरल्याचा इशारा पडद्यावर येतो, पण तो दुर्लक्षिला गेला आणि सलग सुट्टीत यंत्र बंद राहिले, की सोमवारी समोर उभा असतो तो आपले अक्ष, मर्यादा, वेग सारे विसरलेला लोखंडी सांगाडा. पॅरामीटरची प्रत नसेल, तर सर्व्हिस इंजिनीअरची वाट पाहण्यापलीकडे हातात काही उरत नाही. त्या दिवसांत वरच्या पुरवठादाराचे वेळापत्रक मात्र थांबत नाही.

ही प्रत काढण्याचा मार्ग म्हणजे तोच सीरियल पोर्ट. म्हणून कन्व्हर्टर नीट चालू करून घेण्याचे खरे मोल रोजच्या प्रोग्रामपेक्षा या एका कामात आहे. पॅरामीटर, ऑफसेट आणि सारे प्रोग्राम संगणकावर उतरवून घ्यावेत, त्यांची दुसरी प्रत कारखान्याबाहेर ठेवावी आणि बॅटरी बदलायची ती यंत्राची वीज चालू ठेवूनच.

मग सगळ्यांनी लिनक्सकडे वळावे का?

तसे सरसकट म्हणता येणार नाही. ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवणारी लोकप्रिय सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोजवरच चालतात आणि ऑपरेटरच्या हाताला सवय असते तिचीही. एक नवे काही शिकवायचे, तर त्याचा वेळ उत्पादनातूनच जातो. व्यवहार्य मार्ग कामाची वाटणी करण्याचा आहे. डिझाइनचा संगणक विंडोजवर राहू द्यावा आणि तो अद्ययावत ठेवावा. यंत्राशेजारचा संगणक फक्त अक्षरे पाठवण्या-घेण्याचे काम करतो. तिथे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून त्याला इंटरनेटपासून दूर ठेवता येते. आधार संपलेली विंडोज इंटरनेटला आणि यंत्राला एकाच वेळी जोडून ठेवण्यापेक्षा हे सुरक्षित आहे.

येत्या काळात ही यंत्रे हळूहळू जातील, नवी येतील आणि सीरियल पोर्टचा विषय मागे पडेल. पण सेकंडहँड यंत्राचे आयुष्य बाजारातल्या मंदी-तेजीवर ठरते, सॉफ्टवेअर कंपनीच्या तारखेवर नाही. तोवर चांगल्या चिपचे, कंट्रोलरवर तपासलेले दोन कन्व्हर्टर, एक वापरात आणि एक कपाटात, आणि त्यासोबत पिनांची जोडणी व वेगाचे आकडे लिहिलेला एक कागद, एवढी तयारी भोसरीतल्या शेडला एक-दोन दिवसांच्या खोळंब्यापासून वाचवू शकते. हा कागद सेटरच्या डोक्यात असून भागत नाही, कारण सेटरही कधी तरी नोकरी बदलून चाकणला जातो.